गळाचें बनावट आमिष आणि त्याची किंमत

बोटभर लांबीचा लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा एक तुकडा, त्याला रंगवलेले डोळे, पोटाखालीं दोन-तीन गळ, आणि किंमत वीस-पंचवीस डॉलर ! त्याच दुकानांत, त्याच फळीवर, दिसण्यांत जवळजवळ तसाच दुसरा तुकडा पांच-सहा डॉलरांस मिळतो. महाग तुकड्यानें मासे अधिक सांपडतात काय, आणि सांपडत असल्यास किंमतीच्या प्रमाणांत सांपडतात काय, हा वाद अमेरिका, जपान, इंग्लंड इत्यादि देशांतील गळाच्या शोकिनांत फार दिवस चालत आला आहे. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं मासा शिजत नसेल, आणि ज्यांच्या घरीं शिजतो त्यांची व त्याची ओळख कोळणीच्या पाटीपलीकडे गेलेली नसेल. तेव्हां हा वाद त्यांस पोरकट वाटण्याचा संभव आहे. तथापि त्याचा मागोवा घेऊं लागलें म्हणजे या बोटभर तुकड्यामागें कारागिरी, व्यापार, हौस, आणि आमच्या सह्याद्रींतील एका पक्ष्याचा जीव इतक्या गोष्टी गुंतलेल्या आढळतात. शिवाय शोकिनांच्या साक्षीवर निकाल देणें कठीण आहे. ज्या आमिषाला काल मासा लागला तें उत्तम, यापलीकडे बहुतेकांची साक्ष जात नाहीं. म्हणून आम्हीं येथें इतिहासाची साक्ष काढण्याचें योजिलें आहे.

गळाला, म्हणजे कोंकणांत जिला गरी म्हणतात तिला, गांडूळ, कोळंबी किंवा कणकेची गोळी लावतात तें खरें आमिष. गळ लागो वा न लागो, माशाला तें खातां येतें. आमच्याकडील जुन्या ग्रंथांत आमिष आहे तें या जातीचें. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथांत राजाच्या विनोदांमध्यें मत्स्यविनोदालाही स्थान दिलें आहे. माशांच्या जाती, त्यांचें खाणें, काठी, दोरी, गळ या सर्वांचा त्यांत विचार आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेनें हा ग्रंथ छापला असल्यामुळें जिज्ञासूंस तो पाहतां येतो. राजाला द्रव्याची वाण नव्हती, पण माशाला त्यानें घातलें तें अन्न.

बनावट आमिषाची गोष्ट निराळी आहे. त्यांत खाण्यासारखें कांहींच नसतें. जें आहे तें रूप आणि हालचाल. त्याचा जुन्यांत जुना स्पष्ट उल्लेख इसवी सन २०० च्या सुमाराचा आहे. ईलियन नांवाच्या रोमन ग्रंथकारानें प्राण्यांविषयीं ग्रीक भाषेंत जो ग्रंथ लिहिला त्यांत मॅसिडोनियांतील अस्ट्रियस नदीवरील कोळ्यांची हकीकत दिली आहे. त्या नदींत ठिपकेदार अंगाचे मासे असत आणि पाण्यावर उडणारी एक माशी ते धरून खात. (मराठींत मासा व माशी हे शब्द इतके शेजारीं आहेत कीं वाचकांनीं येथून पुढें थोडें जपून वाचावें.) ही माशी पकडून गळाला लावावी तर हात लागतांच तिचा रंग जाई व पंख बिघडत. म्हणून ते कोळी गळाभोंवतीं तांबडी लोकर गुंडाळीत आणि कोंबड्याच्या गलोलाखालचीं मेणाच्या रंगाचीं दोन पिसें तिला बांधीत. बनावट आमिषाचा जन्म हा असा अडचणींतून झाला, आणि त्याला खर्च म्हणावा तर चिमूटभर लोकर व घरच्या कोंबड्याचीं दोन पिसें.

पुढेंही कित्येक शतकें हा खर्च वाढला नाहीं. इंग्लंडांत १४९६ सालीं विंकिन द वर्ड या मुद्रकानें गळाच्या कलेवरील एक लहानसा प्रबंध छापला. डेम ज्युलियाना बर्नर्स या बाईंचें नांव त्याच्याशीं जोडलें जातें, पण तें कितपत खरें याबद्दल विद्वानांत मतभेद आहे. त्या प्रबंधांत बारा प्रकारच्या माश्या बांधण्याची कृति आहे. काठी कशी करावी, घोड्याच्या केसांची दोरी कशी रंगवावी, इतकेंच काय, शिवण्याची सुई तापवून, वांकवून तिचा गळ कसा करावा तेंही सांगितलें आहे. आयझाक वॉल्टनच्या १६५३ सालच्या प्रसिद्ध पुस्तकाला चार्ल्स कॉटन यानें १६७६ सालीं माश्यांविषयींची पुरवणी जोडली, तीही घरीं बसून बांधणाऱ्यासाठींच. ज्याचें आमिष त्यानेंच करावें असा तो काळ होता. वस्तु विकतच घेतली जात नाहीं तेथें ती महाग कीं स्वस्त हा प्रश्न उठावयाचा कोठून ?

तो उठला एकोणिसाव्या शतकांत, आणि उठला सॅमन माशामुळें. युरोपांतील हा मासा समुद्रांत वाढतो व अंडीं घालण्यास नदींत चढतो. नदींत शिरल्यावर तो खाणें बंद करतो. न खाणारा मासा गळाला तोंड कां लावतो याचीं कारणें अनेकांनीं अनेक सुचवलीं आहेत. परंतु त्यामुळें एक गोष्ट अशी झाली, कीं अमुक किड्याची नक्कल करावी हें बंधनच उरलें नाहीं. ट्राउट माशासाठीं माशी बांधणाऱ्याला नदीवरच्या खऱ्या माशीकडे पाहावें लागतें. सॅमनच्या बाबतींत कल्पनेला मोकळें रान मिळालें, आणि ज्या बेटावर जगांतील सर्व बंदरांचा माल उतरत होता तेथील कल्पनेला पिसांचीही वाण नव्हती. दक्षिण अमेरिकेंतील टूकन व मकाव, चीनमधील सोनेरी फेजंट, आणि हिंदुस्थानांतील रानकोंबडा यांचीं पिसें एकाच गळावर येऊन बसलीं. 'जॉक स्कॉट' नांवाची त्या काळची प्रसिद्ध माशी बांधावयास डझनावारी निरनिराळे जिन्नस लागत. जॉर्ज केल्सन यानें १८९५ सालीं सॅमनच्या माश्यांवर जो मोठा ग्रंथ लिहिला त्यांत अशा शेंकडों माश्यांच्या कृति आहेत. तो वाचतांना आपण मासेमारीचें पुस्तक वाचीत आहों कीं जवाहिऱ्याची वही, असा भ्रम पडतो.

या सर्वांत रानकोंबड्याची हकीकत आम्हांस विशेष जवळची आहे. महाबळेश्वराकडे पहांटे ज्यांनीं त्याची तुटक, खडी बांग ऐकली असेल त्यांस तो परका नाहीं. करड्या रंगाचा हा पक्षी दक्षिण हिंदुस्थानांत व पश्चिमेच्या डोंगरांत राहतो. सॉनेरा या फ्रेंच प्रवाशाचें नांव त्याच्या शास्त्रीय नांवांत गुंफलेलें आहे. नराच्या मानेवरील पिसांच्या टोकांस पांढरट-पिवळा, चकचकीत ठिपका असतो. पिसाचे तंतू तेथें एकमेकांस चिकटून सपाट झालेले असतात, आणि लाखेचा थेंब पडून वाळावा तसें तें टोंक कठीण व तकतकीत दिसतें. पाण्यांत भिजून तें मऊ पडत नाहीं. माशीच्या दोन्ही अंगांस असें एकेक पीस बांधलें म्हणजे लहान माशाचा डोळा चमकल्याचा भास होतो. एवढ्या एका ठिपक्यासाठीं या पक्ष्याच्या मानेचीं कातडीं विलायतेस जात असत. टोप्यांसाठीं जाणाऱ्या पिसांचा व्यापार याहून कितीतरी मोठा होता हें खरें, आणि मुख्यतः त्याच्याच पायीं हिंदुस्थान सरकारनें १९०२ सालीं पाळीव पक्ष्यांखेरीज इतर पक्ष्यांचीं पिसें व कातडीं परदेशीं पाठविण्यास बंदी केली. बंदीमागून चोरटा व्यापार आला, तो पुष्कळ वर्षें चालला. पुढें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हा पक्षी मारणेंच गुन्हा ठरला. विलायतेंत आतां यासाठीं रानकोंबडे पिंजऱ्यांत पाळतात, आणि नकली ठिपक्यांचीं पिसेंही विकतात. म्हणजे नकलेची नक्कल!

आतां या सर्व थाटानें सॅमन अधिक सांपडले काय ? नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. हल्लीं तोच मासा खारीच्या किंवा हरणाच्या शेंपटीचे चार केस बांधलेल्या साध्या माशीला लागतो, आणि नदीवर जाणाऱ्या बहुतेकांनीं टूकन व मकाव केव्हांच सोडून दिले आहेत. किंबहुना थाट ऐन भरांत येण्याच्या आधींच त्याला उत्तर मिळालेलें होतें. डब्ल्यू. सी. स्टुअर्ट या स्कॉच लेखकानें १८५७ सालीं ट्राउटवर पुस्तक लिहून असें प्रतिपादिलें, कीं दर महिन्याला निराळी माशी हवी हा समज व्यर्थ आहे. लहानशा पक्ष्याचें एक मऊ पीस व थोडें रेशीम यांच्या दोन-तीन माश्या सबंध ऋतूला पुरतात. खरी विद्या आहे ती जवळ जाण्यांत. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून शिकाऱ्यानें खालच्या बाजूनें, त्याच्या पाठीमागून यावें. या उपदेशाला पैसा पडत नाहीं. तो दुकानदारांस फारसा रुचला नसावा.

थाट मात्र मेला नाहीं, तो पाण्यांतून निघून कांचेच्या पेटींत जाऊन बसला. केल्सनच्या कृतीबरहुकूम माश्या बांधणारे लोक आजही आहेत, आणि त्यांतील कित्येकांनीं सॅमन पाण्यांत पाहिलेलाही नसतो. अस्सल पिसांस या मंडळींत केवढा भाव येतो हें २००९ च्या जून महिन्यांत जगाला कळलें. लंडनमध्यें संगीत शिकणाऱ्या एका तरुणानें ट्रिंग येथील निसर्गेतिहासाच्या संग्रहालयांत रात्रीं शिरून २९९ पक्ष्यांचीं कातडीं पळवलीं. त्यांतील कांहीं आल्फ्रेड रसेल वॉलेस या थोर शास्त्रज्ञानें मलाया द्वीपसमूहांत स्वतः जमवलेलीं होतीं. पुष्कळ कातडीं परत मिळालीं. पण कित्येकांच्या पायांस बांधलेल्या, स्थळ व तारीख लिहिलेल्या चिठ्ठ्या तोडून टाकलेल्या होत्या. चिठ्ठीवांचून तें कातडें शास्त्राच्या दृष्टीनें केवळ पिसांचा जुडगा होय. मासे धरण्याच्या विद्येंत निघालेली किंमत कोठवर जाऊन पोंचते तें यावरून पाहावें.

पिसांचा हा प्रपंच इंग्लंडांत चालला असतां अमेरिकेंत बनावट आमिषानें दुसरें रूप घेतलें. ज्युलिओ बुएल नांवाचा एक मनुष्य व्हरमाँट संस्थानांतील तळ्यावर होडींत जेवीत असतां त्याच्या हातून चमचा पाण्यांत पडला, आणि गरगरत खालीं जाणाऱ्या त्या चमच्यावर मोठ्या माशानें झडप घातली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, १८५२ सालीं त्यानें चमच्याच्या आमिषाचें पेटंट घेतलें हें खरें. पुढें मिशिगनमध्यें जेम्स हेडन या मधमाश्या पाळणाऱ्या गृहस्थानें चाकूनें लाकडाचा बेडूक कोरला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं त्याच्या घराण्याचा लांकडी आमिषांचा कारखाना उभा राहिला. गळ तर इंग्लंडांतील रेडिच या सुयांच्या गांवीं केव्हांपासूनच डझनांनीं तयार होत होते. माशी घरीं बांधणें एक वेळ साधेल. पण यंत्रावर कोरून, वजन भरून, रोगण दिलेला लांकडी मासा घरीं करण्याची खटपट फारसें कोणी करीना. येथून पुढें आमिष ही विकत घेण्याची वस्तु झाली.

तरीही या वस्तूंतील सर्वांत यशस्वी जी, ती घरींच जन्मली. लॉरी रापाला हा फिनलंडमधील गरीब कोळी. एकेका दोरीला शेंकडों गळ लावून तो तळ्यांत सोडी, आणि त्या प्रत्येकाला रोज खरें आमिष लावतां लावतां त्याचा जीव मेटाकुटीस येई. होडी वल्हवीत असतां त्यानें एक गोष्ट पाहून ठेविली होती. मोठा मासा लहान माशांच्या थव्यावर तुटून पडतो तेव्हां तो हटकून त्याच एकाला धरतो, ज्याची चाल किंचित् अडखळणारी आहे. निरोगी मासे सोडून लंगडा धरावयाचा. १९३६ सालीं रापालानें चांभाराच्या चाकूनें बुचाचा एक लहान मासा कोरला, त्याच्या अंगाला चॉकलेटवरचा चंदेरी कागद लाविला, आणि फोटोच्या जुन्या फिल्मा वितळवून त्याचें रोगण वर चढविलें. पाण्यांत ओढतांच तो बरोबर त्या लंगड्या माशासारखा हेलकावे घेत चालूं लागला. बुचाचा तुकडा, चॉकलेटचा कागद, टाकाऊ फिल्म ! यांत मोलाचें काय होतें म्हणाल, तर होडींत बसून केलेलें तें वर्षानुवर्षांचें निरीक्षण. पुढें हीं आमिषें बाल्साच्या हलक्या लाकडाचीं होऊं लागलीं, आणि प्रत्येक नग पाण्यांत ओढून, त्याची चाल पाहून मगच बाहेर पाठविण्याची प्रथा त्या कारखान्यानें ठेविली. ही प्रथा वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

अमेरिकेंत हें आमिष १९६० च्या सुमारास पोंचलें. १९६२ च्या ऑगस्टमध्यें 'लाइफ' साप्ताहिकानें त्यावर एक लेख छापला. योगायोग असा, कीं त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर नुकत्याच वारलेल्या मेरिलिन मन्रो या नटीचें चित्र होतें, त्यामुळें अंक घरोघर गेला आणि त्याबरोबर फिनलंडचा लांकडी मासाही. मागण्या लाखांच्या संख्येनें आल्या. इतके नग तयार होणें त्या वेळीं शक्यच नव्हतें. असाच प्रकार दहा वर्षांनीं टेनेसी संस्थानांत झाला. फ्रेड यंग नांवाच्या गृहस्थानें बाल्साचीं गुटगुटीत आमिषें हातानें कोरलीं, त्यांस 'बिग ओ' असें नांव मिळालें, आणि शर्यतींत उतरणारे शिकारी तीं मोठें डिपॉझिट ठेवून दिवसाच्या भाड्यानें नेत असत असें सांगतात. १९७३ सालीं त्याच आकृतीचें प्लॅस्टिकचें आमिष कारखान्यांतून निघालें व भाडेकरी नाहींसे झाले. टंचाईनें चढलेली किंमत गुणाची किंमत भासते. टंचाई सरली म्हणजे त्यांत गुणाचा वांटा किती होता तें कळतें.

आज महाग आमिषांचें माहेर जपान आहे. गंमत अशी, कीं ज्या बास माशासाठीं तीं होतात तो मासा जपानचा नव्हे. १९२५ सालीं तो अमेरिकेंतून आणून आशी तळ्यांत सोडण्यांत आला. हामामात्सु येथील मेगाबास किंवा तिच्यासारख्या इतर पेढ्यांचें आमिष हातांत घेतलें तर कारागिरी नाकारतां येत नाहीं. ओढणें थांबवलें असतां तें वर तरंगत नाहीं, तळाशींही जात नाहीं. होतें तेथेंच पाण्यांत लटकून राहतें. थंड पाण्यांत सुस्तावलेल्या माशापुढें हा गुण फार कामाचा आहे. पोटांतील धातूच्या गोळ्या फेंकतांना शेंपटीकडे सरकतात, त्यामुळें तें लांब जातें, आणि ओढतांना त्या पुढें येऊन चाल नीट करतात. गळ तीक्ष्ण असतात. या गोष्टींना किंमत पडते व ती पडावी हें योग्य आहे. स्वस्त आमिषाचा साचा ढिला असला तर दहांतील तीन-चार नग एका कुशीवर कलून चालतात. गळ बोथट असले तर लागलेला मासा सुटतो. मात्र कलणारें आमिष त्याच्या नाकावरची तारेची कडी पकडीनें किंचित् वांकवून पुष्कळदां सरळ करतां येतें, आणि बोथट गळ काढून चांगले बसविण्यास अगदीं थोडा खर्च येतो. एवढें केलें म्हणजे दोघांतील अंतर पुष्कळच कमी होतें.

राहिले रंग. दुकानांत सर्वांत अधिक पैसा रंगावरच जातो. एकाच आमिषाच्या तीस-तीस छटा मांडलेल्या असतात. बास माशाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या आहेत. इलिनॉय विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें आढळलें, कीं तांबडा व हिरवा हे रंग तो चांगले ओळखतो. पण पोपटी-पिवळ्याला पांढऱ्यापासून व गडद निळ्याला काळ्यापासून वेगळें करणें त्याला जमत नाहीं. त्यांतही पाण्याच्या थोड्याशा खोलीवर तांबडा प्रकाश प्रथम विरून जातो. मग त्या तीस छटा पाहतो कोण ? दुकानांत उभा असलेला गिऱ्हाईक पाहतो. आमच्या मतें पांच-सहा डॉलरांपासून दहा-बारापर्यंत जो पैसा पडतो त्यांत तोल व गळ मिळतो. त्यापुढचा पैसा बहुतेक डोळ्यांच्या सुखाचा आहे. तें सुख कोणीं घेऊं नये असें नाहीं, पण त्याचा हिशेब माशाच्या नांवावर लिहूं नये.

महाग आमिषाच्या बाजूचे लोक म्हणतात, कीं ज्यावर विश्वास आहे तें मनुष्य अधिक वेळ पाण्यांत ठेवतो, आणि अधिक वेळ ठेवलेल्यालाच मासा लागतो. हें म्हणणें आम्ही मान्य करतों. परंतु त्याची दुसरीही बाजू आहे. मोठा मासा बसतो तो बुडालेल्या झाडाच्या फांद्यांत किंवा खडकांच्या कपारींत; पंचवीस डॉलरांचें आमिष अडकून तुटेल या भीतीनें त्याचा धनी तें मोकळ्या पाण्यांतच फिरवीत राहतो. इंग्लंडांतील एव्हन नदीचा राखणदार फ्रँक सॉयर यानें अशी भीति बाळगण्याचें कारणच ठेवलें नव्हतें. फेजंटच्या शेंपटीचीं कांहीं तंतुमय पिसें व तांब्याची बारीक तार, एवढ्या दोनच जिनसांनीं तो पाण्याखालच्या किड्याची नक्कल बांधी; तारेनें बांधणीही होई व वजनही मिळे. हजारों तास नदीकांठीं ओणवें बसून त्यानें किडे पाहिले होते. त्याची ती माशी आज जगभर ट्राउटच्या नद्यांवर चालते.

बास माशाच्या वजनाचा जागतिक उच्चांक आजही दोघांच्या नांवावर आहे. २ जून १९३२ रोजीं जॉर्जिया संस्थानांतील माँटगोमेरी तळ्यावर जॉर्ज पेरी हा तरुण शेतकरी मित्राबरोबर गेला. मंदीचे दिवस होते. दोघांत मिळून एक काठी व एक आमिष होतें. तें आमिष क्रीक चब कारखान्याचें, म्हणजे दुकानांतून घेतलेलें होतें हें आम्ही मुद्दाम सांगतों, कारण घरगुती आमिषांची बाजू आम्हांस फार ओढावयाची नाहीं. त्यावर २२ पौंड ४ औंसांचा बास लागला. त्याचें वजन नोंदलें गेलें आणि मासा पेरीच्या घरीं शिजला. पुढें सत्त्याहत्तर वर्षें या उच्चांकाच्या मागें लोक लागले, त्यासाठीं आमिषें निघालीं, यंत्रें निघालीं, होड्या निघाल्या. २ जुलै २००९ रोजीं जपानांतील बिवा सरोवरांत मानाबु कुरिता यानें १०.१२ किलो वजनाचा बास धरला. पेरीच्या माशाहून तो औंसभरही अधिक भरला नाहीं, म्हणून नियमाप्रमाणें दोघे बरोबरीचे ठरले. महाग बनावट आमिषांच्या त्या देशांत कुरितानें गळाला लावला होता तो जिवंत ब्लूगिल मासा. हा ब्लूगिलही जपानचा नव्हे. १९६० सालीं शिकागोच्या महापौरांनीं युवराज अकिहितो यांस दिलेल्या भेटींतून तो त्या देशांत आला, बिवा सरोवरांतील देशी माशांच्या मुळावर उठला, आणि २००७ सालीं, सम्राटपदीं असतांना, अकिहितो यांनीं त्याबद्दल जाहीरपणें खेद व्यक्त केला.